आमच्यात त्या नावाचं कुणी नाही

सातारा, १३ जानेवारी

चि. सौ. राजनंदिनी हिला साताऱ्याहून आईचा आशीर्वाद. ‘सौ.’ लिहावं की नाही यावर पेन जरा अडलं होतं. पण कोर्टानं अजून काही लिहून दिलेलं नाही, तोवर मी खोडणार नाही.

काल रविवारी अकराला आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तिकडं सांगलीत तू आणि वेणू वाट बघत बसला असाल आणि तुला वाटलं असेल, या म्हाताऱ्यांना आता नातीचीही गरज उरली नाही. आबांनी सकाळीच दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. मी तू दाखवून गेलीस तसा लॅपटॉप उघडला, मेल उघडायला गेले आणि काही म्हणजे काही झालं नाही. या नेटवर्कला जोडता येत नाही, असं इंग्रजीत आलं. का येत नाही ते विचारायची सोय कुठं दिसली नाही.

लॅपटॉप बंद करून चालू केला. भिंतीवरचा तो पांढरा डबा बंद करून चालू केला. त्याचे सगळे हिरवे दिवे लागतात. आबा म्हणाले, लांब पडत असेल त्याला, म्हणून लॅपटॉप उचलून डब्याच्या खाली स्टुलावर नेऊन ठेवला आणि आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. तरी तेच. आणि गंमत बघ, त्याच डब्यावर टीव्ही मात्र मजेत चालतो. बाहेरच्या खोलीत मालिकेतल्या सासूला नेट मिळतं, मला मिळत नाही.

तुला कळवायचं कसं हाच प्रश्न होता. तुझा नवा नंबर माझ्याकडं नाही. अनीशकडं असेल, पण तो मागताना त्याचं होणारं तोंड मला बघायचं नाही. माझा फोन तुला माहीतच आहे, बटणांचा, त्यावर बोलणं सोडून काही होत नाही. अनीशला मी लॅपटॉप बघ म्हटलं, तर म्हणाला, ते मशीन तिचं आहे, मी हात लावणार नाही. आणि जेवणाचा डबा घेऊन कंपनीत निघून गेला. तुम्हा नवरा-बायकोत काय बिनसलं ते मला धड माहीत नाही, आणि जेवढं माहीत आहे त्यावर मी पत्रात लिहिणार नाही. हे पत्र टाकतेय हेही त्याला माहीत नाही. भाजीला म्हणून बाहेर पडेन आणि पोस्टात टाकेन.

नेटचा दोष नसावा, कारण गेल्याच आठवड्यात ते दुरुस्त झालंय. फार हळू चालत होतं म्हणून मी नाथाजींना फोन केला होता. आपले नेटवाले, मिलिटरीत सिग्नलमध्ये होते ते. त्यांनी ऑफिसात बसूनच तपासलं. बाहेरचं कुणीतरी आपल्या नेटवर बसलं होतं, त्याला काढून टाकलं म्हणाले. तेव्हा बिघाड लॅपटॉपमध्येच असणार. तो तुझा आहे, त्याचा स्वभाव तुलाच माहीत.

आबा बरे आहेत. डोळा तू गेलीस तेव्हा होता तसाच आहे. मोबाइलवर त्यांना काही दिसत नाही म्हणून तू स्वतःचा लॅपटॉप आमच्यासाठी ठेवून गेलीस, आठवड्यातून एकदा वेणू समोर दिसावी, आबांसाठी, म्हणालीस. तुला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. भांडून घर सोडताना माणूस आपल्या वस्तू मोजून नेतं, तू ठेवून गेलीस. हे माझ्या मनात कायम आहे.

उद्या संक्रांत. वेणूसाठी तिळगुळाची पुडी सोबत आहे. वड्या जरा कडक झाल्यात, तिच्या हलणाऱ्या दाताला सांभाळ. काय करायचं ते लवकर कळव.

आई


सातारा, २४ जानेवारी

राजनंदिनी,

तुझं पाकीट आलं. पत्र असेल म्हणून मी खुर्ची ओढून, चष्मा पुसून उघडलं, तर आत छापील कागद. वर कुणाचं नाव नाही, खाली कुणाचं नाव नाही, मधे लॅपटॉप जोडायच्या पायऱ्या. तळाशी पेनानं दोन ओळी, वेणू दोन रविवार आवरून बसली आणि रडून उठली, आता तुमचं चालू झाल्याचं कळेपर्यंत मी तिला बसवणार नाही. बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. फक्त वाचून झाल्यावर मला कागदाची घडी नीट घालता येईना.

त्या दोन ओळी आबांना वाचून दाखवल्या नाहीत. त्यांना सांगितलं, सुनेनं सगळं व्यवस्थित लिहून पाठवलंय, आता होईलच.

मग कामाला लागलो. आबा खाटेवर बसून पायरी संपली की ‘पुढं’ म्हणायचे, जसं काही मी परेड करतेय. विमानाचं चित्र बंद आहे का बघा. बंद होतं. तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. होती. मग आलं की जुनं नेटवर्क ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड नव्यानं घाला. तिथं माझं बोट थांबलं. एकदा विसर म्हटलं आणि ते सगळंच विसरलं तर काय करायचं? आत वेणूचे फोटो आहेत, तिच्या पहिल्या स्नेहसंमेलनातला तो नाच आहे. मी बराच वेळ दाबेना, तेव्हा आबा म्हणाले, “अगं, नेट विसरायचंय, माणसं नव्हे.” मग दाबलं.

पासवर्ड डब्याच्या पोटावर चिकटवलेला आहे, मुंगीच्या अक्षरात. तो शून्य आहे की ओ, यावर आम्हा दोघांची चांगली जुंपली, म्हणजे मी वाचणार आणि ज्यांना दिसत नाही ते वाद घालणार. दोन्ही घालून बघितलं. मोठी अक्षरं घातली, लहान घातली. लॅपटॉपचं एकच, जोडता येत नाही.

शेवटी नाथाजींना घरी बोलावलं. ते आले, चहा घेतला, लेहमध्ये बर्फात तारा कशा ओढल्या ते सांगितलं, आणि मग स्वतःच्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं. लगेच चालू. “मशीन टकाटक हाय, म्याडम,” म्हणाले, “ह्येच्यात कायबी बिघाड न्हाई.” मग डबाही बघितला, तोही टकाटक. दोघंही निरोगी आणि एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्या घरात दुसरं काय होणार, असं मला वाटलं, पण नाथाजींसमोर कशाला बोला. मी त्यांना रविवारी अकराला मोबाइल घेऊन या म्हणून विनवलं. पण रविवारी ते आटपाडीला मुलीकडं असतात. ते गेले आणि त्यांच्याबरोबर नेटही गेलं. तेवढ्या वेळात तुला दोन ओळींची मेल करावी हे मला सुचलं नाही. सुचलं तेव्हा त्यांची मोटारसायकल कोपऱ्यावर वळली होती. दारात उभी राहून मी स्वतःला मूर्ख म्हणून घेतलं.

आता एक सांगते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आबांचा डोळा तसाच नाही. डिसेंबरात मिरजेच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. उजवा तर गेलाच आहे, डाव्याच्या मधोमध डाग आहे आणि कडा तेवढ्या उरल्यात. त्या किती टिकतील ते सांगता येत नाही, बघण्यासारखं असेल ते आत्ताच बघून घ्या, असं ते म्हणाले. आबा म्हणाले, बघण्यासारखं तसं एकच आहे. म्हणून ते रविवारी मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं पडद्याकडं बघतात, आणि वेणू त्यांना कावळा म्हणते. तिला वाटतं गंमत करतात.

हे लिहिणार नव्हते. नवऱ्याचा आजार पुढं करून सुनेला बोलावणारी सासू मला व्हायचं नव्हतं. पण रविवार जातायत, राजनंदिनी. तुला आणि मला रविवार पुन्हा येतात. त्यांचे मोजकेच आहेत.

तुझ्या कागदावरची शेवटची पायरी राहिली आहे, लॅपटॉपचं नाव शोधून नेटवाल्यांना सांगायची. लॅपटॉपला नाव असतं हे मला नवीनच. उद्या सकाळी उजेडात करते.

आई


सातारा, २७ जानेवारी

वर तुला कोणत्या नावानं हाक मारावी ते कळत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

शनिवारी सकाळी शेवटची पायरी केली. सेटिंग, सिस्टिम, आणि तळाला ‘अबाउट’. तिथं पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लॅपटॉपचं नाव होतं. मी मोठ्यानं वाचलं, स्वानंदी. आबा म्हणाले, “हे तिचं माहेरचं नाव.” आणि मला नाथाजींचा तो फोन आठवला.

नाथाजींनी नेट दुरुस्त केलं त्या दिवशीचं आता नीट सांगते. मी तीळ भाजत होते. फोन कान आणि खांद्यात धरून ढवळत होते. ते म्हणाले, तुमच्या नेटवर कोण कोण आहे ते मला इथं दिसतंय, मी वाचतो, आपलं कुठलं ते सांगा. टीव्ही. मी म्हटलं, आमचा. अनीशचा फोन. आमचा. मग म्हणाले, “आनी ह्ये स्वानंदी कोन?” मी जराही विचार केला नाही. मी म्हटलं, “आमच्यात त्या नावाचं कुणी नाही.” ते म्हणाले, मग कोण तरी फुकट्या दिसतोय गल्लीतला, कायमचा बंद करू का? मी म्हटलं, “करा.”

तीळ करपू नयेत म्हणून मी घाईत होते, असं तुला लिहिणार होते. ते खरंही आहे. पण निवांत असते तरी मी तेच म्हटलं असतं. लग्नात अनीशनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं राजनंदिनी लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून या घरात तुला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. वेणूच्या शाळेत तेच, रेशनकार्डावर तेच. नाव मी काढलं होतं आणि मला ते अजूनही आवडतं, खोटं कशाला सांगू. पण लॅपटॉपला तू तुझं नाव दिलंस. त्याला काय नाव दिलंस हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. कानावर पडल्यावर ओळखू यायला मात्र हवं होतं. माझ्या घरात इतकी वर्षं राहिलेल्या मुलीचं नाव कुणी विचारलं आणि मी परक्यासारखं नाही म्हणाले. आणि वर लॅपटॉपलाच दोष देत बसले, तुला लिहूनसुद्धा कळवलं.

लगेच नाथाजींना फोन लावला. ते आटपाडीला पोचले होते. मी म्हटलं, ते स्वानंदी आमचंच आहे हो, पुन्हा चालू करा. ते म्हणाले, “आवं म्याडम, तुमीच म्हनलासा न्हवं, आमच्यात त्या नावाचं कुनी न्हाई म्हून?”

मी म्हटलं, हो, मीच म्हटलं.

त्यांच्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता, ते आपले साधं विचारत होते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरूनच ते चालू करता येतं, आणि नाथाजी सोमवारी येणार होते. म्हणजे कालचा रविवारही गेला. अकरा वाजता आबा सवयीनं सदरा घालून बसले, मग त्यांना आठवलं आणि उठून गॅलरीत गेले.

अनीशला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “मग खरंच बोललीस की. आता कुठं आहे आपल्यात त्या नावाचं कुणी?” मला त्याचा एवढा संताप आला की मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. त्यानं स्वतः वाढून घेतलं, आणि अर्धं टाकून उठला. त्याचंही चांगलं चाललेलं नाही. मी हे त्याच्या बाजूनं लिहीत नाही, दिसतं ते लिहिते.

आबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तिला तूच कळव, दुसऱ्या कुणाकडून तिच्या कानावर जायला नको. म्हणून हे सगळं लिहिलं. तुला हसू आलं तर हस. राग आला तर तोही धर. पण तो माझ्यावर धर, वेणूला रविवारी त्यात घेऊ नकोस.

आज सकाळी नाथाजींनी ते चालू केलं. लॅपटॉप जोडला गेला. तुला मेलही केली, दोनच ओळींची, टाइप करायला अर्धा तास लागला. ती तू बघतेस की नाही मला कळत नाही, म्हणून हे पत्रही स्पीड पोस्टानं टाकते. दोन फेब्रुवारीला, रविवारी, अकराला आम्ही बसतो आहोत.

आई


सातारा, ३ फेब्रुवारी

चि. स्वानंदी,

काल आम्ही बसलो होतो. तुझ्या जुन्या मेलमधल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि सगळं उघडलं, कुठंही अडलं नाही. पडदा उजळला. इथं तुमच्याशिवाय कुणी नाही, असं त्यावर आलं. पत्र तुला मिळालं नसेल, किंवा मिळालं असेल. मला दोन्ही समजू शकतं, मी विचारणार नाही.

वाट बघू म्हटलं. पडद्यावर आम्हीच दिसत होतो, डावीकडं आबा आणि उजवीकडं मी. ते कसं घालवायचं हे तुझ्या कागदावर नव्हतं. थंडी होती म्हणून मी पिवळी शाल डोक्यावरून घेऊन बसले होते. आबांनी मान वाकडी केली, पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि हसले. म्हणाले, “आली गं. पिवळा फ्रॉक घातलाय.”

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी बोलायला सुरुवात केली होती. इतक्या रविवारांचं साठलेलं होतं. दात पडला का विचारलं. परसातल्या पेरूवर खार येते ते सांगितलं, ती कशी बसते ते हात तोंडाशी धरून करून दाखवलं. मग उत्तराची वाट बघत थांबले. लॅपटॉप गप्प. मीही गप्प. पुन्हा विचारलं, शाळेत काय शिकवलं. पुन्हा थांबले. मग त्यांचा चेहरा उतरला आणि हळू आवाजात म्हणाले, “वेणू, आबांवर रागावलीस?”

आणि मी “नाही” म्हणाले. बारीक आवाज काढून, लॅपटॉपकडं तोंड करून. मला स्वतःलाही कळलं नाही मी काय केलं ते. ऐकायला त्यांना हल्ली कमीच येतं. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, “आवाज बसलाय का गं तिचा?” मी म्हटलं, “हो, जरा सर्दी झालीय.”

मग ते तिला काढा कसा करायचा ते सांगत बसले, आलं किती, गूळ किती, आणि गार पाण्यात खेळायचं नाही. मी पडद्याकडं बघत होते. त्यात ते माझ्याशी बोलत होते आणि मी शालीचं टोक तोंडाला लावून बसले होते. शेवटी ते म्हणाले, पोरीला आता झोपू दे, तिला बरं नाही. मी लॅपटॉप मिटला.

काल दिवसभर ते आनंदात होते. अनीश आल्यावर त्यालाही सांगितलं, वेणू आली होती, उंच झाली आहे. अनीशनं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. तो हात-पाय धुवायला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मग येऊन आबांच्या शेजारी बसला आणि विचारलं, अजून काय म्हणाली? आणि आबांनी त्याला सगळं सांगितलं, न बोललेलंसुद्धा.

इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण मी वर्गात कुणाला खोटं बोलू दिलं नाही. आता रोज सकाळी ते विचारतात, वेणूच्या सर्दीचं काही कळलं का. मी म्हणते, कळेल. हे मी किती दिवस निभावणार, स्वानंदी? पुढच्या रविवारी पुन्हा शाल घेऊन बसू का? माझ्यानं होणार नाही, आणि खरं सांगणंही आता होणार नाही. दोन्हीकडून दार लावून घेतलंय मी.

येत्या रविवारी अकराला आम्ही बसू. तू समोर येऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस, मी खुर्ची सोडून स्वयंपाकघरात जाईन. वेणूला थोडा वेळ बसव. आणि तिला एवढं सांगून ठेव, आबा पहिल्यांदा सर्दीचंच विचारतील. बरी झाली म्हणावं.

चारुशीला